बोटीच्या मशीनची वॉरंटी : सही करण्याआधी

कान्हे आणि आसपासच्या गावांतल्या गटांच्या बैठकीत अलीकडे एक विषय सारखा निघतो. शिलाई मशीन झालं, पिठाची गिरणी झाली, पापड-कुरडया झाल्या. पवना धरणाच्या काठाला शनिवार-रविवारी एवढी माणसं येतात, तर गटाने एखादी बोट घेतली तर?

विचार वाईट नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात आणि वल्हीही स्वतःच मारतात. वल्ह्याला वॉरंटीचा कागद नसतो, लागतही नाही. पण होडीच्या मागे पेट्रोलचं आऊटबोर्ड मशीन टांगायचं म्हटलं की गोष्ट मोठ्या रकमेवर जाते. रक्कम कर्जाची, आणि मशीन दुरुस्तीला पडलं म्हणून हप्ता थांबत नाही. धरणाच्या पाण्यात उतरायला पाटबंधारे खात्याची परवानगी, बोटीची नोंदणी, प्रत्येक माणसाला लाइफ जॅकेट हे सगळं आधी लागतं. त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर बोलू. आज फक्त वॉरंटी.

दुकानदार म्हणतो, "ताई, पूर्ण बोटीला वॉरंटी आहे." असं नसतं. होडीचं फायबरचं अंग एक कारखाना बनवतो, मशीन दुसरी कंपनी, बॅटरी तिसरी. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, मुदत वेगळी, कागद वेगळा. म्हणून कागद मोजून घ्या. होडीवर किती हॉर्सपॉवरपर्यंतचं मशीन चालेल हे बनवणारा सांगतो. त्याहून मोठं मशीन लावलं तर होडीची वॉरंटी जाऊ शकते, आणि होडी उलटण्याची भीती वेगळीच.

आता वॉरंटी म्हणजे काय? कंपनीच्या बनावटीत दोष निघाला तर ती दुरुस्त करून देईल किंवा भाग बदलून देईल, एवढंच ते वचन आहे. उन्हाळ्यात पवनेचं पाणी उतरतं, बुडालेलं वाघेश्वराचं मंदिर उघडं पडतं, तसे खडक आणि जुनी बांधकामंही वर येतात. त्यावर पंखा आपटून वाकला, तर तो कंपनीचा दोष नव्हे. मशीन चोरीला गेलं, वादळात होडी फुटली, हेही वॉरंटीत नाही. ते काम विम्याचं. विम्याचा खर्च वाचवायचा म्हणून वॉरंटीवर भिस्त ठेवणं आम्हाला धोक्याचं वाटतं.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वापराचा. मशीन घरच्या हौसेसाठी घेतलं तर वॉरंटी जास्त महिन्यांची आणि भाड्याने फिरवण्यासाठी घेतलं तर कमी, असं पुष्कळ कंपन्यांचं असतं. काही ठिकाणी तासांचीही मर्यादा घालतात. त्यामुळे कोणीतरी हळूच सुचवतं, "घरगुती वापर लिहा, वॉरंटी जास्त मिळेल." हे करू नका. तक्रार घेऊन गेलो की मशीन किती तास चाललं ते पाहतात, रविवारी प्रवासी नेल्याचं कोणीतरी सांगतं, आणि सगळा दावा नाकारला जातो.

खरा वापर लिहिण्याचा फायदाही आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, आपण वस्तू कशासाठी घेतोय हे विक्रेत्याला सांगितलं आणि त्याच्या जाणकारीवर विसंबलो, तर वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे. म्हणून कोटेशन मागतानाच लिहा : धरणाच्या गोड्या पाण्यात, इतके प्रवासी, दिवसाला साधारण इतक्या फेऱ्या. त्याची पोच घ्या.

इथे एक शंका येते. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक आयोगाकडे तक्रार चालते का? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली आहे, पण केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच समजावलं होतं. स्वतः काम करताना एक-दोघांची मदत घेतली म्हणून हक्क जात नाही. गटाला मात्र हे दाखवून द्यावं लागेल. म्हणून ठरावाच्या वहीत स्पष्ट लिहा की बोट सभासदांच्या उपजीविकेसाठी आहे आणि सभासदच ती चालवणार आहेत. बिलही गटाच्या नावाने घ्या, कोणाच्या नवऱ्याच्या नावाने नको.

मग येते देखभाल. नवीन मशीन सुरुवातीचे काही तास हळू चालवायचं असतं. पहिली सर्व्हिस साधारण २० तासांना असते, पुढची बहुधा १०० तासांना. नेमका आकडा आपल्या मशीनच्या पुस्तकात पाहा. सर्व्हिस चुकली की कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. रोजचे तास, पेट्रोल, तेल लिहायला एक दोनशे पानी वही ठेवा. पाण्याबाहेर मशीन चालवून पाहण्याची हौस नको. आतल्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा कोरडा फिरला की लगेच जळतो. तो पंखा, प्लग, फिल्टर असे झिजणारे भाग तसेही बहुधा वॉरंटीत नसतात. चालताना मशीनमधून पाण्याची बारीक धार पडते ना, ती बंद झाली की ताबडतोब मशीन थांबवायचं.

पावसाळ्यात बोट बाहेर काढून ठेवाल तेव्हा टाकीत पेट्रोल तसंच सोडू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल ओढतं, आणि मावळातल्या ओलीबद्दल आपल्याला कोणी सांगायला नको. खराब पेट्रोलने झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. उंदरांनी कुरतडलेली वायरही नाही. आणि मशीन चार महिने बंद असलं तरी वॉरंटीची मुदत सुरूच राहते, हे मुदत मोजताना ध्यानात घ्या.

दुकानात विचारायचंच असं आणखी एक : अधिकृत सर्व्हिस कुठे? कामशेतचा मोटारसायकलवाला हुशार असेल, पण वॉरंटीत त्याने मशीन उघडलं तर कंपनी हात वर करू शकते. मशीन मुंबईला किंवा कोकणात न्यावं लागलं तर टेम्पोचं भाडं कोणाचं? बहुतेक वेळा आपलंच असतं. बुडलेल्या फेऱ्यांची भरपाईही बहुतेक कागदांत नसते. परदेशातून परस्पर आणलेलं स्वस्त मशीन असेल, तर इथला विक्रेता त्याची वॉरंटी मानेल का, हे लेखी घ्या. पैसे भरून वाढवून मिळणारी वॉरंटी कधी कंपनीची असते, कधी तिसऱ्याच कोणाची. कोणाची ते वाचल्याशिवाय आम्ही तरी पैसे देणार नाही.

बिल देत नाही म्हणणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा संकोच करू नका. वॉरंटीची नोंदणी विक्रेत्याने केली का ते तपासा, मशीनवरचा नंबर बिलाशी जुळवा, दोन्हींचे फोटो काढा. बिघाड झाला तर फोनवर बोलून थांबू नका, तारीख घालून लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग, आपल्यासाठी पुण्यात. तिथे दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायला हवं. "बघतो, पाठवतो" म्हणत विक्रेता दिवस काढतो, आणि ही २ वर्षं तशीच सरतात.