पाण्याकडचं दार

शांघाय शहराच्या मध्यापासून पश्चिमेला साधारण ५० किलोमीटरवर झुजियाजियाओ नावाचं एक जुनं गाव आहे. तिथल्या मुख्य पेठेचं नाव ‘बेई दाजिए’, म्हणजे उत्तरेकडचा मोठा रस्ता. हा मोठा रस्ता इतका अरुंद की समोरून कुणी छत्री उघडून आलं, तर आपली मिटावी लागते. दोन्ही बाजूंच्या घरांच्या वळचणी एकमेकींना भिडायला आलेल्या आणि मधून आभाळाची एक चिंधी दिसते. प्रत्येक घराचा खालचा मजला दुकानाचा. आपल्याकडे जुन्या पेठांमध्ये असत तशा फळ्या काढून ते उघडायचं. त्यामागे अंधारी खोली, त्यामागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे एक दार, जे रस्त्यावर उघडत नाही. त्यातून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. एका घरापुरता घाटच म्हणा ना. पुढचं दार गिऱ्हाइकाचं, मागचं मालाचं.

एका दिवसासाठी येणारा प्रवासी यातलं पुढचं दारच पाहून परततो. पंखे, रेशमी बटवे, लाकडी कंगवे, काठीला खोचलेला बटाटा, पुलावर एक फोटो आणि बस. गाव बघायचं राहूनच जातं, कारण हे गाव पाण्याकडून वाचायचं असतं. सहलीचा सगळा बेत त्याच हिशेबाने करायला हवा.

आधी नावाचं बघू. रोमन पाट्या वाचून आपण झुजियाजियाओ म्हणतो, पण स्थानिक उच्चार ‘चू-च्या-च्याव’च्या जवळ जातो. अर्थ अगदी साधा, चू घराण्याचा कोपरा. टॅक्सीवाल्याला यातला कुठलाच उच्चार कळेल याची खात्री नाही, म्हणून चिनी अक्षरांतलं नाव फोनमध्ये ठेवावं आणि दाखवावं.

हेच गाव का? शांघाय, सुचौ आणि हांगचौ या तीन शहरांच्या मधल्या पट्ट्यात अशी पाणगावं डझनाने आहेत आणि प्रत्येकाचं म्हणणं असतं की खरं गाव तेच. झोउझुआंग सर्वांत प्रसिद्ध आहे. छेन यीफेई या चित्रकाराने तिथल्या जोडपुलांचं चित्र काढलं, अमेरिकन उद्योगपती आर्मंड हॅमर यांनी ते विकत घेतलं आणि १९८४ मध्ये चीनचे नेते तंग श्यावफिंग यांना भेट दिलं. तेव्हापासून गावाला उसंत नाही. गंमत म्हणजे १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्या गावात जायला धड रस्ताही नव्हता, होडीच लागायची. शितांगचे नदीकाठचे छपरी पदपथ सुंदर आहेत, आणि ‘मिशन इम्पॉसिबल’च्या तिसऱ्या भागात टॉम क्रूझ त्याच गावातून धावतो. वूझन हे लेखक माओ दुन यांचं जन्मगाव, २०१४पासून इंटरनेटवरच्या जागतिक परिषदेचंही गाव. पण त्याच्या पश्चिम भागातल्या रहिवाशांना हलवून, घरं दुरुस्त करून तिथे हॉटेलं थाटली गेली. सगळं स्वच्छ, रेखीव, कुठे एक लोंबती तार नाही. मला विचाराल, तर दोरीवर वाळत घातलेली चादर दिसली नाही की गावावरचा विश्वास उडतो.

झुजियाजियाओमध्ये चादरी दिसतात. मागच्या गल्ल्यांमध्ये म्हातारी माणसं अजून राहतात. गावात शिरायला तिकीट नाही, फक्त बागा, जुनी घरं अशा आतल्या ठिकाणांना आहे. आणि शांघायची मेट्रो थेट तिथवर जाते. मुक्काम सुचौला असेल, तर मात्र तोंगली गाठा. सुचौ मेट्रोची ४ नंबरची लाइन तिकडे जाते, आणि १८८०च्या दशकात पदच्युत झालेल्या एका अधिकाऱ्याने तिथे बांधलेली तुईसी बाग २०००पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. एका दिवसात दोन गावं करायचा मोह होतोच. करू नये. दुसऱ्या गावात पोचेपर्यंत पाय गेलेले असतात आणि सगळे पूल सारखे दिसायला लागतात.

आता पाण्याविषयी. ताइहू सरोवराभोवतीचा हा मुलूख बशीसारखा आहे, कडा किंचित उंच आणि मध्ये खोलगट. समुद्रसपाटीपासूनची उंची पुष्कळ ठिकाणी जेमतेम तीन-चार मीटर. पाऊस भरपूर आणि पाण्याला वाहून जायला उतार नाही. तेव्हा शेकडो वर्षं लोकांनी चर खणले, निघालेल्या मातीचे बांध घातले आणि बांधांच्या आत भाताची खाचरं केली. म्हणजे हे कालवे मुळात वाहतुकीसाठी नव्हते, जमीन कोरडी ठेवण्यासाठी होते. तळाचा गाळ काढून शेतात आणि तुतीच्या झाडांखाली टाकायचा, त्यामुळे खतही मिळायचं आणि कालवाही खोल राहायचा. एकदा पाण्याचं एवढं जाळं तयार झाल्यावर त्यावरून होड्या जाणारच. दोन कालवे मिळतात तिथे बाजार भरायला लागला आणि बाजाराचं गाव झालं.

बीजिंग ते हांगचौ असा सुमारे १८०० किलोमीटरचा महाकालवा, जो २०१४ मध्ये जागतिक वारसा ठरला, तो झुजियाजियाओमधून जात नाही. पण गावातल्या नदीच्या नावात त्याची सावली आहे. ही नदी ‘त्साओगांग’. ‘त्साओ’ म्हणजे राजधानीला जलमार्गाने पाठवायचं सरकारी धान्य. मिंग राजवटीत या भागाचं सुती कापड सगळ्या चीनमध्ये जात असे, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीला झुजियाजियाओ कापडाची पेठ म्हणून नावारूपाला आलं. पुढे तांदळाचा व्यापार वाढला. जवळपास चूजिंग, फंगजिंग आणि सीजिंग अशी तीन व्यापारी गावं आहेत. तिन्ही जिंग मिळूनही एका कोपऱ्याची बरोबरी होत नाही, अशी म्हण या परिसरात पडली. कोपरा म्हणजे अर्थातच हा, चू घराण्याचा.

मग १८४३ मध्ये शांघाय बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. १९०८ मध्ये शांघाय–नानजिंग आणि १९०९ मध्ये शांघाय–हांगचौ रेल्वे सुरू झाली. माल रुळांवरून जाऊ लागला आणि व्यापारीही त्याच्यामागे शहरात गेले. पाणगावं जिथल्या तिथे राहिली. पाडून नवं बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनं टिकलं. आज जी घरं आपण कौतुकाने पाहतो, ती बरीचशी नाइलाजाने वाचलेली आहेत. १९८०च्या दशकात पैसा आला तेव्हा कालवे बुजवून रस्ते करायची टूम निघाली. त्या वेळी शांघायच्या तोंगजी विद्यापीठातले नगररचनाकार रुआन यीसान यांनी झोउझुआंग, तोंगलीसारख्या गावांचे जतनाचे आराखडे करून दिले आणि ते गळी उतरवले. हे झालं नसतं तर सहलीचा प्रश्नच नव्हता.

आता दिवसाकडे वळू. शांघाय मेट्रोची २ नंबरची लाइन घेऊन होंगछियाव रेल्वे स्थानकावर उतरायचं आणि तिथून १७ नंबरची. ही लाइन ३० डिसेंबर २०१७ला सुरू झाली. तोवर बसशिवाय इलाज नव्हता. शहराच्या मध्यातून सगळा प्रवास दीड तासाच्या आत होतो, स्टेशनापासून जुन्या गावापर्यंत वीसेक मिनिटं चाललं की झालं. महत्त्वाचं काय असेल तर वेळ. दहा-साडेदहानंतर पर्यटकांच्या बस येऊ लागतात, दुपारी बेई दाजिएत आपण चालत नाही, गर्दी आपल्याला चालवते. म्हणून हॉटेलातला फुकटचा नाश्ता सोडा आणि सातच्या आत मेट्रोत बसा. साडेआठला गावात पोचलात, तर दीड तास गाव तुमचं.

या दीड तासात पेठेत जाऊ नका. तिथली दुकानं उघडलेलीच नसतात. सरळ फांगशंग पुलावर जा. पाच कमानींचा, सुमारे ७० मीटर लांबीचा हा दगडी पूल सिंगचाओ नावाच्या भिक्षूने वर्गणी जमवून १५७१ मध्ये बांधवला, आणि आजचं त्याचं रूप १८१२च्या पुनर्बांधणीचं आहे. फांगशंग म्हणजे जीव सोडून देणं, पकडलेल्या माशाला पुण्य म्हणून पाण्यात परत सोडणं. पुलाखाली मासे धरायचे नाहीत, फक्त सोडायचे, असा त्या भिक्षूचा दंडक होता. आता पुलाच्या आसपास प्लास्टिकच्या पिशवीत सोनेरी मासे घेऊन विक्रेते बसतात, पैसे द्या आणि सोडा. सोडण्यासाठी मासे आधी पकडून आणायचे, हे पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होतं ते भिक्षूलाच विचारायला हवं.

पुलाचा माथा चढून नुसते परतू नका, काठावर उतरून तो बाजूने पाहा. मधली कमान सर्वांत उंच, दोन्हीकडे कमानी लहान होत जातात आणि खालचे खांब आश्चर्य वाटावं इतके सडपातळ आहेत. इथली जमीन म्हणजे मऊ गाळ, तिला जड खांब पेलत नाही. तेव्हा कमानी एकमेकींना रेटून उभ्या राहतील अशी रचना कारागिरांनी केली. त्याचा दुसरा फायदा म्हणजे होड्यांना जायला जागा जास्त मिळाली. पुलाचा चढ पायऱ्यांचा आहे, कारण त्यावरून चाक जायचंच नव्हतं. गाडी होती ती खाली, पाण्यावर. अशा पायऱ्यांच्या पुलांमुळेच या गल्ल्यांमध्ये पुढेही मोटारी शिरू शकल्या नाहीत.

होडीत बसायचं ते याच वेळी. भाडं माणशी नसतं, होडीचं असतं, त्यामुळे चार-सहा जण असाल तर स्वस्तात पडतं. दोघंच असाल तरी बसा. वल्हं मारणाऱ्याकडे पाठ करून मात्र बसू नका, कारण बघायचं ते त्याचं काम. मागच्या टोकाला एकच लांब, किंचित वाकलेलं वल्हं असतं. ते एका खुंटीवर टेकवलेलं आणि त्याचं वरचं टोक दोरीने फळीला बांधलेलं. माणूस उभ्याने ते ढकलतो आणि ओढतो. पाण्यातलं पातं माशाच्या शेपटीसारखं इकडून तिकडे फिरतं, बाहेर येतच नाही. दोरी भार घेते आणि पात्याचा कोन बदलते. म्हणून एकटा माणूस जड होडी हलवू शकतो, आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांचा पसारा नसल्याने अरुंद कालव्यातूनही नेऊ शकतो. असं एक वल्हं साध्या तिघांच्या तोडीचं, असं चिनी नावाडी म्हणतात. होडीतूनच घरांची मागची बाजू दिसते. पायऱ्या, त्यांवर पालथी घातलेली बादली, आणि भिंतीत बसवलेले, भोक पाडलेले होड्या बांधायचे दगड.

मग बस आल्या की पाण्यापासून दूर सरका. केझी बाग त्यासाठी चांगली. मा वेनछिंग नावाच्या धनिकाने १९१२ मध्ये ती सुरू केली आणि पुरी व्हायला १५ वर्षं लागली. ‘के’ म्हणजे अभ्यास, ‘झी’ म्हणजे लागवड. पुस्तकं वाचावीत आणि शेतीही विसरू नये, हा मालकाचा आदर्श. त्यासाठी बागेत ग्रंथालय आहे आणि भाताचं खाचरही. श्रीमंताची हौस, दुसरं काय! पण खाचराच्या कडेला बसायला सावली आहे. गावातलं जुनं, छिंग राजवटीच्या काळातलं पोस्ट ऑफिस पाच मिनिटांत बघून होतं.

खाण्याचं थोडं सांभाळून. गावाची ओळख म्हणजे त्सोंग्त्झ, पानात बांधून उकडलेला चिकट तांदूळ. पेठेत बायका दारात बसून तो इतक्या झपाट्याने बांधतात की बोटं दिसत नाहीत. बहुतेक त्सोंग्त्झमध्ये डुकराचं मांस असतं, शाकाहाऱ्यांनी लाल चवळीसारख्या डाळीच्या गोड सारणाचा मागावा. दोरीने बांधून शिजवलेलं पोटाकडचं मांस, म्हणजे झारौ, हा इथला दुसरा मान. मांसाहारी असाल तर हे चुकवू नका. चिकट तांदूळ भरलेला गोड कमळकंद दोघांनाही चालतो. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं पाठ करा. पण तेवढ्याने भाजीत चरबी पडणार नाही याची हमी नाही, म्हणून पिशवीत चकल्या-ठेपले असू द्यात. वास मारणाऱ्या तोफूकडे दुर्लक्ष करता येणार नाही. नाकच करू देणार नाही.

कधी जावं? मार्चअखेर ते मे, किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर. जूनच्या मध्यापासून जुलैत शिरेपर्यंत ‘मेईयू’, म्हणजे आलुबुखाराचा पाऊस. फळ पिकण्याच्या दिवसांत येतो म्हणून हे नाव. काळ्या कौलांवरून तो गळताना सुरेख दिसतो, पण कपडे वाळत नाहीत. १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुट्टीच्या आठवड्यात आणि १ मेच्या आसपास घरी बसलेलं बरं. शनिवार-रविवारही टाळा.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर चीनचा व्हिसा आधी काढावाच लागतो. मधल्या मुक्कामापुरती बिनव्हिसाची जी सवलत बऱ्याच देशांना आहे, ती आपल्याला नाही. पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५च्या अखेरीला दोन्ही देशांमधली थेट विमानं पुन्हा सुरू झाली आणि दिल्लीहून शांघायही त्यात आलं. निघण्यापूर्वी अलीपे किंवा वीचॅटला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा. होडीपासून त्सोंग्त्झपर्यंत सगळं फोनवर चालतं. गूगलचा नकाशा तिथे भरवशाचा नाही, चिनी नकाशाचं अ‍ॅप आधीच उतरवून ठेवलेलं बरं.

चारनंतर बस निघायला लागतात. जमलं तर पाण्याकडे खिडकी असलेल्या एखाद्या चहाच्या दुकानात वरच्या मजल्यावर तासभर जागा धरा. चहा महाग वाटेल, पण पैसे खिडकीचे आहेत. दिवे लागायच्या सुमाराला खाली उतरून मागच्या एखाद्या गल्लीतल्या पायऱ्यांवर जा आणि होड्या बांधायच्या दगडांना हात लावून बघा. त्यातल्या भोकांच्या कडा दोरांनी घासून गुळगुळीत झालेल्या आहेत. आता बहुतेक भोकं रिकामी. शेजारच्या घराचं पाण्याकडचं दार उघडं असलं तर आत टीव्ही चालू असतो, आणि वरच्या पायरीवर कुणाच्या तरी चपला काढून ठेवलेल्या असतात.