काळी शाई, टिपकागद आणि काही गैरसमज

काळ्या स्केचपेनचा ठिपका टिपकागदाच्या पट्टीवर देऊन पट्टीचे टोक पाण्यात बुडवले, की थोड्याच वेळात निळे, जांभळे, पिवळसर पट्टे वर सरकू लागतात. पाण्याने नवे रंग तयार केले, असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक येथे रासायनिक बदल होत नाही. ती रंगद्रव्ये शाईत आधीच मिसळलेली असतात. कागदावर ती फक्त एकमेकांपासून सुटतात. प्रत्येक काळी शाई अशी सुटतेच असेही नाही. कार्बनच्या बारीक कणांची काळी शाई पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिचा ठिपका जागचा हलत नाही.

हलके रंग वर जातात आणि जड रंग खाली राहतात, हा समज अधिक चिवट आहे. तो तपासणे सोपे आहे: गाळणकागद आडवा ठेवून मध्यावरील ठिपक्यावर पाण्याचे थेंब सोडावेत. वर-खाली काही नसतानाही रंगांची वर्तुळे वेगळी होतात. खरी ओढाताण कागद आणि द्रव यांच्यात असते. कागदातील सेल्युलोजचे तंतू थोडे पाणी धरून ठेवतात, तर बाकीचा द्रव केशाकर्षणाने पुढे जातो. तंतूंना अधिक चिकटणारे रंगद्रव्य मागे राहते, द्रवात अधिक रमणारे पुढे निघते.

बॉलपेनची शाई पाण्यात सुटली नाही म्हणजे प्रयोग फसला, असे नव्हे. ती तेलकट असते; तिला स्पिरिट लागते, आणि स्पिरिट विस्तवापासून दूरच वापरावे. ठिपका मोठा दिल्यास रंग उठून दिसण्याऐवजी एकमेकांत मिसळतात. ठिपका ज्या आरंभरेषेवर द्यायचा, ती पेन्सिलीचीच हवी, कारण ग्राफाइट विरघळत नाही. द्रवाची पातळी त्या रेषेच्या खालीच ठेवावी, नाहीतर शाई भांड्यातच उतरते.

द्रव १० सेंमी आणि रंग ६ सेंमी चढला, तर त्यांचे गुणोत्तर ०.६ येते. हा आकडा त्या रंगाची कायमची ओळख मानणे चूक आहे. कागद किंवा द्रावक बदलला की तोही बदलतो.

ही पद्धत केवळ रंगीत पदार्थांपुरती नाही. कॉन्सडन, गॉर्डन आणि मार्टिन या संशोधकांनी १९४४ मध्ये रंगहीन अमिनो आम्ले कागदावर वेगळी केली आणि निनहायड्रिन या रसायनाच्या साहाय्याने त्यांचे डाग दृश्य केले.