अंदमानचे डीएनए, मेळघाटचे कोरकू आणि आपला 'मूलनिवासी' शब्द

अमरावती-अकोल्याकडच्या आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतो. 'डीएनए तपासणीत सिद्ध झाले, आम्ही मूलनिवासी, ते विदेशी.' खाली कुण्या अमेरिकन शास्त्रज्ञाचे नाव असते. विहारातल्या अभ्यासवर्गात एका पोराने सरळ विचारले, हे खरे आहे काय? 'हो' म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण 'एहिपस्सिको', म्हणजे ये आणि पाहा, असे सांगणाऱ्या धम्माचे आपण अनुयायी आहोत. म्हणून आम्ही पाहायचे ठरवले. सुरुवात केली ती आपल्यापासून फार लांब असलेल्या अंदमान बेटांपासून.

आधी डीएनएवरून वाट कशी शोधतात ते समजून घेऊ. गावोगावच्या भीमगीतांच्या वह्या आठवा. एका गायकाच्या वहीवरून दुसरा उतरवून घेतो. उतरवताना एका ओळीत चूक झाली की त्या वहीवरून पुढे उतरवलेल्या सगळ्या वह्यांत तीच चूक येते. शंभर वह्या समोर ठेवल्या तर चुकांवरून सांगता येते की कोणती वही कोणत्या वहीची लेक. शरीरात अशी एक छोटी वही आहे, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. त्यात सुमारे 16,569 अक्षरे असतात. ती फक्त आईकडून लेकरांना मिळते, बापाची त्यात भेसळ होत नाही. बापाकडून फक्त मुलालाच मिळतो तो वाय गुणसूत्र. चुका साधारण ठरावीक गतीने साचतात, म्हणून दोन शाखा किती वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या याचा अंदाज बांधता येतो.

बेट या कामासाठी सोयीचे, कारण तिथे थोडेच लोक पोचतात आणि नंतर ये-जा कमी राहते. 2005 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील के. थंगराज, लालजी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ओंगे, पाच ग्रेट अंदमानी आणि पाच निकोबारी व्यक्तींचा संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल डीएनए वाचला आणि 'सायन्स' नियतकालिकात निष्कर्ष मांडले. अंदमानींच्या आईकडच्या शाखा, ज्यांना एम31 आणि एम32 म्हणतात, 50 ते 70 हजार वर्षे जुन्या निघाल्या. आफ्रिकेतून निघालेल्या माणसांच्या पहिल्या लाटेचे हे वंशज, असा अर्थ लावला गेला.

इथेच थांबलो असतो तर आमचाही एक व्हॉट्सॲप मेसेजच झाला असता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवले की एम31 ची एक शाखा भारताच्या मुख्य भूमीवरील राजबंशी समाजातही आहे. म्हणजे शाखा फुटली तेव्हाच लोक बेटावर पोचले असे म्हणता येत नाही. शाखेचे वय वेगळे आणि बेटावर पाय ठेवल्याची तारीख वेगळी. फाटा मुख्य भूमीवरच फुटला असेल आणि प्रवास कितीतरी नंतरचा असेल. हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होता आणि म्यानमारच्या किनाऱ्यापासूनचे अंतर बरेच कमी. त्या काळात लोक गेले असणे शक्य आहे. उलट उत्खननाचे पुरावे पाहिले तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या झरीन कूपर यांनी अभ्यासलेले शंख-शिंपल्यांचे ढीग जेमतेम सव्वादोन हजार वर्षांपर्यंत मागे जातात. त्याआधीच्या किनारी वस्त्या पाण्याखाली गेल्या असतील. 50 हजार आणि सव्वादोन हजार, इतके अंतर दोन पुराव्यांत. विज्ञान असेच चालते, घोषणेसारखे नाही.

आता निकोबारकडे या, म्हणजे आपल्या मेळघाटात येता येईल. निकोबारी लोकांचा डीएनए अंदमानींपेक्षा वेगळा, आग्नेय आशियाशी जवळचा निघाला. ते पूर्वेकडून गेल्या 18 हजार वर्षांत आले असावेत, असे त्याच अभ्यासात म्हटले आहे. त्यांची भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातली. धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू बांधवांची भाषाही त्याच कुळातली, मुंडा शाखेची, आणि त्या शाखेतली सर्वात पश्चिमेकडची. परतवाड्याहून घाट चढून गेलेल्या आपल्या कार्यकर्त्यांनी ती ऐकली असेल, पण ती बंगालच्या उपसागरापलीकडच्या भाषांची नातलग आहे हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

मुंडा भाषा बोलणाऱ्या समाजांत वाय गुणसूत्राचा एक प्रकार फार मोठ्या प्रमाणात आढळतो आणि त्याचे मूळ आग्नेय आशियात आहे. पण आईकडचा डीएनए जवळजवळ सगळा इथलाच. म्हणजे पूर्वेकडून आलेले पुरुष आणि इथल्या स्त्रिया यांच्या संबंधातून हे समाज घडले. मग सांगा, ज्यांना आपण सर्वात आधीचे आदिवासी म्हणतो ते 'मूळचे' की 'बाहेरचे'? आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. जल-जंगल-जमिनीवरचा कोरकूंचा हक्क वाय गुणसूत्रावर अवलंबून नाही, आणि तो तसा ठरवू देणे धोक्याचे आहे.

त्या अमेरिकन संशोधनाचेही सांगितले पाहिजे. मायकेल बामशाद यांचा 2001 चा अभ्यास खरा आहे. तो विशाखापट्टणम भागातील तेलुगू जातींवर होता. वरच्या जातींत बापाकडचा वारसा युरोपीयांशी तुलनेने जवळचा आणि आईकडचा आशियाई लोकांशी जवळचा, असे त्यात दिसले. मेसेज पहिले वाक्य उचलतो, दुसरे गाळतो. 2013 मध्ये भारतीय उपखंडातील 73 समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वी इथे जवळपास सगळ्यांची सरमिसळ झाली, त्यातून दलित-आदिवासीही सुटले नाहीत आणि ब्राह्मणही. नंतर ही सरमिसळ थांबली, कारण लग्ने जातीतच होऊ लागली.

हे वाचताना 1916 चे कोलंबिया विद्यापीठ आठवल्याशिवाय राहत नाही. पंचविशीतल्या बाबासाहेबांनी तिथे वाचलेल्या निबंधात म्हटले होते की जातीचे मूळ लक्षण वंश नसून जातीतच लग्न करण्याचे बंधन आहे. पुढे 1948 च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी दिलेली नाकांची मापे घेऊनच अस्पृश्य वेगळ्या वंशाचे असल्याचा सिद्धांत खोडला. हातात डीएनए नव्हता. ज्यांच्या नावाने आपण 'आमचे रक्त वेगळे' म्हणतो, त्यांनीच ते नाकारले होते.

जात ही जमिनीवरचे बेट आहे, असे आता जनुकशास्त्र वाचताना वाटते. थोड्या पूर्वजांचे गुण-दोष त्याच घेऱ्यात फिरत राहतात. हे आपल्या विदर्भात पुस्तकी नाही. सिकलसेल आपल्या बौद्ध समाजात आहे आणि मेळघाटातही आहे. हा बदल मलेरियाच्या प्रदेशात टिकला, कारण एकच प्रत असलेल्या वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्ने एकाच वर्तुळात जमली की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही.

म्हणून ज्या पोराने प्रश्न विचारला त्याला आम्ही उलट विचारले, तुझी सिकलसेलची तपासणी झाली काय? झाली नव्हती. वर्गातल्या बहुतेकांची नव्हती. सरकारी दवाखान्यात आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात आणि ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी करून वाहक की रुग्ण हे ठरवतात. आता त्या वर्गाने ठरवले आहे की वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर पोटजातीचा रकाना काढायचा आणि त्या जागी सिकलसेल तपासणीचा टाकायचा. काही ज्येष्ठांनी नाक मुरडले. पोटजातीचा रकाना तिथे आजवर का होता, हे मात्र त्यांच्यापैकी कोणाला सांगता आले नाही.