यमूची गोष्ट वाचायची कशी?

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारचं आवरून जरा पाठ टेकवणार, तोच दारात आमच्या गल्लीतली एक मुलगी उभी. बी.ए.ला आहे, मराठी विषय घेतलाय. हातात जाडजूड पुस्तक.

"काकू, तुमचं पण मराठीच होतं ना? मग हे कसं वाचायचं ते सांगा. चाळीस पानं झाली, पण पुढे सरकतच नाही."

पुस्तक पाहिलं. हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?'. मी हसले खरी, पण मनातून ओशाळले. कारण कॉलेजात असताना मी तरी ते कुठे वाचलं होतं? गाईड आणलं, 'विधवांच्या दुःखाचे हृदयद्रावक चित्रण' हे वाक्य पाठ केलं, दोन उत्तरांत तेच फिरवून फिरवून लिहिलं आणि पास झाले. पुस्तकाचं तोंड पाहिलं नाही. शिवाय आमच्या घराण्यात केशवपनाची रीत कधीच नव्हती. त्यामुळे ही आपली गोष्टच नव्हे, असंही कुठेतरी वाटायचं.

पुस्तक खऱ्या अर्थानं हातात घेतलं ते लग्नानंतर बारा वर्षांनी. त्या वर्षी माझे दीर अपघातात गेले. जाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्या दिवशी घरातल्या बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. तिचा हात धरून बसलेली मीच होते. बचत गटाच्या बैठकीत बायकांच्या हक्कांवर बोलणारी मी! तोंडातून 'नको' एवढा एक शब्द फुटला नाही. पुढे कितीतरी रात्री झोप लागेना. अशातच नगर वाचनालयात हे पुस्तक दिसलं. नाव वाचलं आणि वाटलं, हा प्रश्न मलाच विचारलाय. रोज रात्री थोडं थोडं करत महिन्याभरात वाचून काढलं.

म्हणून त्या मुलीला म्हटलं, "बस. चहा टाकते. मला जसं जमलं तसं सांगते." तेच आज तुम्हालाही सांगते, मैत्रिणींनो. तुमच्या घरीही एखादी लेक अशी पुस्तकापाशी अडून बसली असेल.

पहिली गोष्ट, हे पुस्तक एका बैठकीत वाचण्यासाठी लिहिलेलंच नाही. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. तेव्हा ते जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. त्यात ही कादंबरी हप्त्याहप्त्यानं येत होती. आपण मालिका बघतो ना रोज, अगदी तसंच. म्हणून ती सावकाश चालते, मधेच थांबून वाचकाशी बोलते, मागचं पुन्हा सांगते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तीनशे पानं संपवायला बसलं की हेच सगळं पाल्हाळ वाटतं. तेव्हा रोज दहा पानं वाचा, पण रोज वाचा. सत्राच्या सुरुवातीला धरलंत तर परीक्षेआधी दोनदा वाचून होईल.

दुसरी अडचण भाषेची. जुनी आवृत्ती हाती लागली तर 'केलें', 'होतें', 'सांगितलें' असे जागोजागी अनुस्वार दिसतात आणि मुलं बिचकतात. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्याआधी मराठी अशीच लिहीत. त्याला एक सोपा उपाय आहे. ते मोठ्यानं वाचा आणि 'केलें'च्या जागी आपलं बोलण्यातलं 'केलं' म्हणा. बघा, शंभर वर्षांपूर्वीचं वाक्य एकदम माजघरात बसलेल्या बाईच्या तोंडचं वाटायला लागतं. आहेच ते तसं. सगळी गोष्ट यमू स्वतःच सांगते, घरगुती बोलीत, आठवेल तशी.

तिसरी अडचण नात्यांची. माहेरची माणसं वेगळी, सासरची वेगळी, त्यात सासऱ्यांच्या पिढीतल्या पुरुषांना मामंजी आणि नणंदेला वन्सं म्हणायची पद्धत. आजकालच्या मुलींना मामंजी म्हणजे मामा वाटतो! वहीच्या शेवटच्या पानावर दोन बाजू आखा. एका बाजूला माहेर : आई, वडील, दादा. दुसऱ्या बाजूला सासर : नवरा रघुनाथराव आणि ते शंकर मामंजी. मैत्रीण दुर्गी हिला मात्र मधोमध लिहा. कारण यमूला समजूतदार नवरा मिळाला, दुर्गीच्या वाट्याला छळणारा आला. दोघींचं आयुष्य शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की लेखकाला काय म्हणायचंय ते निम्मं तिथेच कळतं. एकीचं सुख आणि दुसरीचं दुःख, दोन्ही निव्वळ नशिबावर. दोघींच्याही हातात काहीच नाही.

चौथी गोष्ट, त्या काळात बाहेर काय चाललं होतं ते थोडं माहीत करून घ्या. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, पण कायदा कागदावर आणि घर आपल्या जागी. संमतिवयाचा कायदा १८९१ चा. त्यानं मुलीचं वय दहावरून बारा केलं. नुसतं बारा! तरी केवढा गदारोळ उठला. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. आणि हे तर आमच्या पाठ्यपुस्तकात कधी वाचल्याचं आठवत नाही : १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत नाभिक समाजानं विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. ही कादंबरी पुस्तकरूपानं आली १८९३ मध्ये. त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. या चारपाच तारखा वहीत लिहिल्या की यमूचं घर एकटं राहत नाही. बाहेर एवढं वारं वाहतंय आणि आत तिच्यावर जबरदस्तीनं वस्तरा फिरतोय, हे कळलं की पोटात कालवतं.

पाचवी गोष्ट परीक्षेची. गाईड वाचूच नका असं मी म्हणणार नाही, कोणत्या तोंडानं म्हणू? पण आधी पुस्तक, मग गाईड. आणि उत्तरात 'प्रभावी चित्रण केले आहे' असं लिहून थांबू नका. प्रसंग सांगा. कोण काय बोललं, कोण गप्प राहिलं, ते लिहा. माझ्या मते या कादंबरीत गप्प राहणारी माणसं फार महत्त्वाची आहेत. आणखी एक, प्रश्न विचारायला घाबरू नका. पुरुषानं बाईच्या तोंडून लिहिलंय, ते कुठे पटतं, कुठे नाही? पांढरपेशा घरांपलीकडच्या बायका यात का दिसत नाहीत? अशा प्रश्नांनी पुस्तक लहान होत नाही. उलट आपण नीट वाचल्याचं दिसतं.

ती मुलगी वही भरून गेली. पंधरा दिवसांनी आली ती खुशीत. म्हणाली, "काकू, मी आजीला मोठ्यानं वाचून दाखवते. अडलेला शब्द आजीच सांगते. आता तीच संध्याकाळी विचारते, यमूचं पुढे काय झालं गं?" पंचाहत्तरीच्या आजीला, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, एकही शब्द अवघड वाटला नाही म्हणे. आणि केशवपनाचं प्रकरण आलं त्या दिवशी आजीनं हातानं खूण करून वाचन थांबवलं. बऱ्याच वेळानं त्या आपल्या एका आत्याविषयी बोलल्या. नातीनं त्या आत्याचं नावसुद्धा त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात बंद. मग राज्य सरकारनंही इतर गावांना तसंच करायला सांगितलं. ठराव वाचला आणि मला जावेचे ते हात आठवले. म्हणजे आपट्यांची कादंबरी पुस्तकरूपानं आल्याला जवळजवळ एकशेतीस वर्षं झाली, तरी असा ठराव करावा लागतो. जुनं पुस्तक, जुनं पुस्तक म्हणून आपण ते कसं बाजूला ठेवणार?

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊ नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात तिळगूळ वळत बसली होती. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि पहिलं कुंकू तिला लावलं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. एक तर वाण न घेताच गेली. जाऊ काही बोलली नाही, नुसती माझा हात धरून उभी राहिली. मला फार उशीर झाला, हे मला माहीत आहे.

तेव्हा मुलींनो, पुस्तक अवघड वाटलं तर लगेच मिटू नका. रोज दहा पानं वाचा, मोठ्यानं वाचा, जमलं तर घरातल्या आजीला, आईला शेजारी बसवून वाचा. गाईडात उत्तरं तयार मिळतात. पण पुस्तकाच्या नावातच जो प्रश्न आहे, त्याचं उत्तर ज्यानं त्यानं आपल्या घरात शोधायचं असतं.