मशीनचा आकडा का चुकला?



समजा, नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत तुमच्या मामांचे एक लहानसे वर्कशॉप आहे. सातपूर आणि अंबड या भागांत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग करून देणारी अशी अनेक वर्कशॉप आहेत. मामांनी कर्ज काढून एक जुने मिलिंग मशीन घेतले. मशीन भक्कम आहे. टेबल किती सरकले ते मिलिमीटरमध्ये दाखवणारा आकड्यांचा डबाही त्याला जोडलेला आहे. कारागीर त्याला ‘डीआरओ’ म्हणतात.

पहिलेच काम चाळीस पोलादी पट्ट्यांचे होते. प्रत्येक पट्टीत दोन भोके पाडायची आणि त्यांमधले अंतर १५० मि.मी. ठेवायचे. फार तर ०.०५ मि.मी. चूक चालणार होती. मामांनी दर वेळी डब्यावर १५०.००० हा आकडा आल्यावरच दुसरे भोक पाडले. तरीही सगळ्या पट्ट्या परत आल्या. तपासणीत कुठे १५०.१० मि.मी. अंतर भरले, कुठे १५०.१२, तर कुठे १५०.१४! पोलाद वाया गेले, मजुरी बुडाली आणि बँकेचा हप्ता तोंडावर आला.

आता सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, “डबा बिघडला, नवा घ्या.” दुसरा म्हणाला, “मोजपट्टी बदला.” तिसरा म्हणाला, “जुन्या मशीनचा स्क्रू झिजलाय, मशीनच विकून टाका.” तिन्ही सल्ले खर्चाचे होते आणि तपासून पाहिलेला त्यांपैकी एकही नव्हता. अशा वेळी मामांनी तुम्हाला विचारले, तर तुम्ही काय सांगाल?

उत्तर देण्याआधी हा डबा मोजतो कसा, ते समजून घेऊ.

काचेवरच्या रेघा

टेबलाच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमच्या लांबट खोक्यात काचेची एक पट्टी बसवलेली असते. तिच्यावर अतिशय बारीक काळ्या रेघा असतात. नेहमीच्या पट्टीवर एक रेघ आणि तिच्या शेजारची मोकळी जागा मिळून २० मायक्रॉन, म्हणजे ०.०२ मि.मी. जागा व्यापतात. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ५० रेघा! काचेवरून एक ‘वाचक’ सरकतो. त्याच्यात एका बाजूला दिवा असतो, दुसऱ्या बाजूला प्रकाश पडला की विद्युत संकेत देणारे प्रकाशघट असतात आणि मध्ये तशाच रेघांची एक छोटी काच असते. दोन्ही काचांवरच्या रेघा एकमेकींवर आल्या की मोकळ्या जागांतून प्रकाश पलीकडे जातो. एकीच्या रेघा दुसरीच्या मोकळ्या जागांवर आल्या की अंधार होतो. वाचक सरकू लागला की उजेड-अंधार, उजेड-अंधार अशी मालिका सुरू होते. डबा ती मोजतो.

मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की त्यांत मोठमोठे काळे-पांढरे पट्टे दिसतात. एक पदर किंचित हलवला, तरी पट्टे झपाट्याने सरकतात. ते तुम्ही नक्की पाहिले असेल. या पट्ट्यांना ‘मोआरे पट्टे’ म्हणतात. बारीक रेघांच्या जाळ्या तपासायला त्यांचा उपयोग होईल, असे ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७४ मध्ये दाखवले होते. १९५० च्या दशकात स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे फेरांटी कंपनीच्या तंत्रज्ञांनी याच तत्त्वावर यंत्रांचे टेबल मोजण्याची साधने तयार केली.

पण नुसता उजेड-अंधार मोजला तर टेबल उजवीकडे गेले की डावीकडे, हे कसे कळणार? त्यासाठी निदान दोन संकेत लागतात. त्यांना ‘क’ आणि ‘ख’ म्हणू. ‘ख’ हा ‘क’च्या पाव अंतर मागे ठेवलेला असतो. टेबल उजवीकडे जाताना क्रम असा येतो: दोन्हींवर अंधार, मग फक्त ‘क’वर उजेड, मग दोन्हींवर उजेड, मग फक्त ‘ख’वर उजेड, आणि पुन्हा दोन्हींवर अंधार. टेबल डावीकडे गेले की हाच क्रम उलटा येतो. एका फेऱ्यात चार पायऱ्या, म्हणून २० मायक्रॉनचे चार भाग पडतात आणि डबा ५ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे ०.००५ मि.मी.पर्यंत मोजू शकतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. डबा टेबल पाहत नाही, तो पायऱ्या मोजतो. चार पायऱ्यांचा एक आख्खा फेरा हुकला, तरी त्याला ते कळत नाही. तो पुढचा आकडा तितक्याच ठळकपणे दाखवत राहतो.

पहिला प्रश्न: चूक खरोखर डीआरओची आहे का?

स्क्रू झिजल्याचा सल्ला आपण आधी बाजूला ठेवू शकतो. टेबल स्क्रूने सरकते हे खरे. पण काचेची पट्टी स्क्रूला जोडलेली नसते, ती थेट टेबलाचे सरकणे मोजते. स्क्रू झिजला तर हँडल फिरवताना ढिलेपणा जाणवेल, पण पट्टीचे मोजमाप त्याने चुकणार नाही.

एखादे माप खरे की खोटे, हे त्याच मापाला विचारून कळत नाही. दुसरे स्वतंत्र माप हवे. वर्कशॉपमध्ये त्यासाठी डायल गेज आणि स्लिप गेज असतात. स्लिप गेज म्हणजे अगदी अचूक जाडीचे पोलादी ठोकळे. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी १८९६ मध्ये त्यांचा संच योजला.

मामांनी डायल गेज मशीनच्या न हलणाऱ्या भागावर बसवला आणि त्याचे टोक टेबलावर घट्ट बांधलेल्या एका ठोकळ्याला टेकवले. काटा शून्यावर आणला आणि डब्याचा आकडाही शून्य केला. मग टेबल मागे घेऊन मधल्या फटीत ५० मि.मी.चा स्लिप गेज ठेवला आणि काटा पुन्हा शून्यावर येईपर्यंत टेबल हळूच सरकवले. आता टेबल बरोबर ५० मि.मी. सरकले आहे. डब्यानेही ५०.००० दाखवायला हवे. ठोकळा आणि डायल गेज पुढे पुढे नेत त्यांनी असे चार टप्पे तपासले. आकडे आले ते असे:

० ते ५० : ५०.०००
५० ते १०० : ५०.०००
१०० ते १५० : ४९.८६०
१५० ते २०० : ५०.०००

चूक डीआरओचीच, हे आता सिद्ध झाले. तिसऱ्या टप्प्यात डबा कमी मोजतो. मामा मात्र आकडा पुरा होईपर्यंत टेबल पुढे नेत होते. म्हणूनच भोके लांब पडली.

जिथे प्रश्न, तिथे आणखी बारीक पाहावे. मामांनी १० मि.मी.चा स्लिप गेज घेऊन १०० ते १५० हा टप्पा पुन्हा तपासला. चूक फक्त १२० ते १३० या दहा मिलिमीटरमध्ये होती. तिथे कधी ९.८६० येई, कधी ९.८८०, कधी ९.९००.

या आकड्यांतला एक धागा तुमच्या लक्षात आला का? चुका आहेत ०.१४, ०.१२ आणि ०.१०. तिन्हींना ०.०२ ने नि:शेष भाग जातो. परत आलेल्या पट्ट्यांतही हेच अंतर होते. ०.०२ मि.मी. म्हणजे काचेवरचा एक पूर्ण फेरा. म्हणजे त्या जागी डब्याचे पाच, सहा किंवा सात फेरे हुकत आहेत.

इथे एक फसगतही समजून घेऊ. टेबल २०० मि.मी. नेऊन परत आणले, तर शेवटी शून्य येईल का? जाताना सात फेरे हुकले आणि येताना पाच, तर ०.०४० ची चूक उरेल. पण येतानाही सातच हुकले, तर बेरीज-वजाबाकी फिटून डबा शून्य दाखवेल! म्हणून नुसते ‘शून्यावर परत आले’ एवढ्यावर विश्वास ठेवू नये. माहीत असलेले अंतर मोजून पाहावे.

दुसरा प्रश्न: डबा, वायर की पट्टी?

टेबल १२५ वर आहे की ४५ वर, हे डब्याला ठाऊक नसते. मग तो ठराविक जागीच का चुकेल? जागेशी बांधलेली चूक बहुधा पट्टीतच असते. पण ‘बहुधा’वर थांबू नये. टेबल त्या जागी आल्यावर वायर ताणली जात असेल तर? टेबल १२५ वर उभे ठेवून मामांनी वायर ठिकठिकाणी हलवून पाहिली. आकडा हलला नाही.

मग त्यांनी अदलाबदल केली. मशीनला अशा दोन पट्ट्या होत्या, टेबलाच्या आडव्या हालचालीसाठी एक्स आणि पुढे-मागे होण्यासाठी वाय. दोन्ही एकाच प्रकारच्या होत्या आणि त्यांचे प्लगही सारखे होते. वीज बंद करून त्यांनी दोन्ही प्लग एकमेकांच्या जागी लावले आणि वीज सुरू करून पुन्हा मोजले. चूक डब्याच्या एक्स आकड्यात राहिली असती, तर दोष डब्याचा ठरला असता. पण आता वायचा आकडा चुकू लागला आणि एक्सचा बरोबर येऊ लागला. चूक पट्टीबरोबर गेली! डबा निर्दोष ठरला आणि नव्या डब्याचे पैसे वाचले.

मुख्य नियम एवढाच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे आणि निकाल लिहून ठेवायचा. डबा, वायर आणि पट्टी एकदम बदलली असती, तर मशीन कदाचित सुरू झाले असते. पण दोष कशात होता, ते कळले नसते.

आत काय सापडले?

अनुभवी फिटरने पट्टीचे खोके उतरवले. धूळ आत जाऊ नये म्हणून त्याला रबराचे दोन ओठ असतात. एका जागी ओठ फाटला होता. तिथून कूलंट आणि धातूची भुकटी आत शिरून काचेवर चिकट थर बसला होता. त्या जागी उजेड आणि अंधार यांतला फरकच पुसट झाला होता. मग डबा मोजणार काय?

फिटरने तंतू न सुटणारे मऊ कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित भिजवून काच हळुवार पुसली. कॉम्प्रेसरची हवा त्याने मारली नाही, कारण त्या हवेतले तेल आणि पाणी पुन्हा काचेवर बसले असते. रबरी ओठ नवा घातला. खोके बसवताना ते टेबलाच्या वाटेला समांतर आहे ना, हे डायल गेजने पाहिले. १०० मि.मी. लांबीत पट्टी १ मि.मी. तिरकी बसली, तर कोनाच्या कोज्येच्या हिशोबाने १०० ऐवजी ९९.९९५ मि.मी. मोजले जाईल. मग पहिल्या चारही चाचण्या पुन्हा केल्या. चारही टप्प्यांत ५०.००० आले. दुरुस्ती झाली असे तेव्हाच म्हणता आले.

चुकीचे स्वरूप काय सांगते?

प्रत्येक मशीनचा दोष हाच असेल असे नाही. अंतराच्या प्रमाणात चूक वाढत जात असेल, तर पट्टी तिरकी असेल किंवा डब्यात पट्टीचे माप चुकीचे भरलेले असेल; ५ मायक्रॉनच्या पट्टीला १ मायक्रॉन सांगितले, तर सगळे आकडे पाचपट कमी येतील. दिशा बदलतानाच चूक होत असेल, तर वाचकाचा स्क्रू ढिला असेल. शेजारची मोटर सुरू होताच आकडा उडी मारत असेल, तर अर्थिंग किंवा वायरचे जाळीदार आवरण तपासावे. टेबल सरकवूनही आकडा दोनच अंकांत पुढे-मागे नाचत असेल, तर ‘क’ आणि ‘ख’ यांपैकी एक संकेत बंद पडला असावा: ‘ख’ कायम अंधारात राहिला, तर उरलेल्या दोन पायऱ्यांत डबा एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे मोजत राहतो. टेबल स्थिर असताना शेवटचा अंक एका पायरीने लुकलुकणे मात्र दोष नव्हे.

करून पाहा

पारदर्शक कागदाच्या दोन पट्ट्यांवर २ मि.मी. जाडीच्या काळ्या रेघा २ मि.मी. अंतर सोडून आखा. एक पट्टी दुसरीवर ठेवून दिव्यासमोर सरकवा आणि उजेड किती वेळा आला ते मोजा. त्या संख्येला ४ ने गुणले की सरकलेले अंतर मिलिमीटरमध्ये मिळेल. फूटपट्टीने ते पडताळा. मग एका जागी तेलकट बोट फिरवा, तिथे काळी शाई लावा आणि पुन्हा मोजा. तुमचा आकडा किती चुकतो? जाताना आणि येताना सारखाच चुकतो का?

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात दोन गटांत करून घ्यावा. एका गटाने गुपचूप डाग लावावा आणि दुसऱ्याने पट्टीकडे न पाहता, फक्त मोजलेल्या आकड्यांवरून, डागाची जागा शोधावी. खऱ्या मशीनचा डबा किंवा विजेची जोडणी मात्र विद्यार्थ्यांनी उघडू नये. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक असू शकतो. ते काम जाणकारांचे आहे.