यंत्रानें काढलेल्या पानांचा पेहराव

संगणकाचें एखादें सॉफ्टवेअर तयार झालें, म्हणजे तें कसें वापरावें हें सांगणारी पुस्तिका लागते. अशा पुस्तिकेचीं पानें आज कोणी एकेक करून मांडीत बसत नाहीं. सॉफ्टवेअर लिहिणारा आपल्या आज्ञावलींतच टिपा लिहून ठेवितो. ‘डॉक्सीजेन’सारखें साधन त्या वेंचून पडद्यावर वाचावयाचीं शेंकडों पानें सिद्ध करितें. ‘स्फिंक्स’ हें असेंच दुसरें साधन. तें २००८ सालीं पायथन या संगणकभाषेच्या पुस्तिकेसाठीं निघालें.

या पानांचा पेहराव मात्र साधनानें ठरविलेला असतो, आणि तो बहुधा रोमन लिपीच्या बेतानें कापलेला असतो. त्यांत मराठी मजकूर घातला तर ओळी दाटतात. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस जाऊन भिडतो. वाचणारा दोन पानांत थकतो, पुस्तिका मिटतो आणि शेजाऱ्यास विचारावयास जातो. मग ती लिहिली कशासाठीं?

अशा वेळीं तयार पानें उघडून त्यांतच दुरुस्ती करण्याचा मोह होतो. मींहि तो प्रमाद केला आहे. पुतण्याच्या एका पुस्तिकेचीं चाळीस पानें मीं तीन दिवस बसून नीट केलीं. चौथ्या दिवशीं त्यानें मूळ लिखाणांत एक शब्द बदलला, साधन पुन्हां चालविलें, आणि माझी सारी मेहनत पुसली गेली. दोष साधनाचा नव्हता. तें प्रत्येक वेळीं मूळ खर्ड्यावरून नवी प्रत काढितें. प्रतीवरची दुरुस्ती खर्ड्यास कशी कळावी?

पानांचें रूप ठरविणाऱ्या नियमांस सी.एस.एस. म्हणतात. ही पद्धति होकोन व्हिउम ली यांनीं १९९४ सालीं सुचविली, व १९९६ सालीं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें ती मान्य केली. तिचें मर्म असें कीं, दोन नियम तोलामोलाचे असतील तर मागाहून आलेला चालतो. म्हणून आपले नियम वेगळ्या फाइलींत लिहावे, ती मूळ लिखाणाशेजारीं जपावी, आणि साधनाच्या नियमांनंतर ती वाचली जाईल अशी नोंद करावी. डॉक्सीजेनमध्यें ‘एचटीएमएल एक्स्ट्रा स्टाइलशीट’ यापुढें फाइलीचें नांव लिहावें. स्फिंक्समध्यें ती ‘स्टॅटिक’ फोल्डरांत ठेवून ‘एचटीएमएल सीएसएस फाइल्स’ या यादींत घालावी.

एवढें करूनहि एखादा नियम लागू न पडल्यास साधनाचा नियम अधिक नेमका आहे असें समजावें. तो नुसता ‘परिच्छेद’ न म्हणतां ‘अमुक चौकटींतील परिच्छेद’ म्हणत असतो. आपणहि तितकेंच नेमकें लिहावें. साधनाचे सारे नियम काढून टाकूं नयेत. नवी आवृत्ति आली म्हणजे तिच्यांतील नवे भाग उघडे पडतात.

नियम मोजके असावे. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या पावणेदोनपट करावी. अक्षर व पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ ला १ असावें. आज्ञावलीच्या उताऱ्यांस मात्र हात लावूं नये. तेथें प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असावी लागते.

पुतण्याची पुस्तिका मीं पुन्हां नीट केली. या खेपेस सहा ओळी लिहाव्या लागल्या, आणि त्या अद्याप टिकून आहेत.