आकडा खाली आला म्हणून गोळी बंद?

पेणच्या खारेपाटात मिठागरे, बाजारात पापड. रोह्याकडे पावसाळ्याआधी घरोघरी सुक्या मासळीची बेगमी. मीठ आपल्या पोटात फक्त बरणीतून जात नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगते. म्हणजे सपाट चमचाभर, तेही सगळे धरून. पापडात मीठ असतेच, वर पापडखार, त्यातही सोडियमच. खारवलेला बांगडा दोन-तीन पाण्यांत भिजवावा आणि सालन चाखूनच मीठ टाकावे. मिशरीबद्दल काय बोलावे! कितीतरी घरांत तिला तंबाखू मानतच नाहीत.

पण आम्हाला खरी काळजी आहे ती गोळ्यांची. पुन्हा पुन्हा मोजूनही दाब 140/90 किंवा त्याहून वर भरला, तर तो उच्च रक्तदाब. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून अब्बा "आता बरा आहे" म्हणून गोळी बंद करतात. आकडा गोळीमुळे खाली आलेला असतो. गोळी सुटली की तो गुपचूप वर चढतो आणि एखाद्या पहाटे लकवाच गाठतो.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाब मोजून घ्यावा. रमजान येण्याआधीच डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ सहरी किंवा इफ्तारला बसवून घ्यावी. लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल, तर ते आवर्जून सांगावे.